ॲक्युपंक्चरच्या सुया आणि पुरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपी करते. कंबर, गुडघा, मान, टाच, हेच दिवसभर चालतं. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी कुठंतरी सुया टोचून घेतलेल्या असतात, नाहीतर घ्याव्यात का, हे त्यांना विचारायचं असतं. मंगल कार्यालयातली शिबिरं, बस स्टँडवरचे फलक आणि मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ यांतून कळतं ते बहुतेक एकाच बाजूचं. हे सगळं थोतांड आहे म्हणणारेही पुरावा न वाचताच बोलतात. म्हणून लोक विचारतात तेच प्रश्न इथं घेतले आहेत. मी स्वतः सुया टोचत नाही, हे आधीच सांगते. माझं मत कुठून येतं, ते वाचणाऱ्याला माहीत असावं.

"कंबरेला फरक पडतो का? हो की नाही तेवढं सांगा."

बऱ्याच जणांना पडतो, काही आठवडे ते काही महिने. पण सुई ॲक्युपंक्चरच्या नकाशातल्या नेमक्या बिंदूवर टोचली म्हणून तो पडतो, असं मोठ्या चाचण्यांत फारसं दिसत नाही. शास्त्रज्ञांचा सगळा वाद या दोन वाक्यांच्या मधे आहे.

"गोळीची चाचणी करताना खोटी गोळी देतात. सुई खोटी कशी देणार?"

हा प्रश्न सोडवायला संशोधकांना बरीच वर्षं लागली. सोपा मार्ग म्हणजे बिंदू नसलेल्या जागी, अगदी वरवर सुई टोचायची. १९९८ मध्ये जर्मनीत एक वेगळीच सुई वापरात आली. तिचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती आपल्याच दांड्यात सरकते. रुग्णाला वाटतं सुई आत गेली, पण ती कातडीला फक्त टेकलेली असते. २००९ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या ६३८ रुग्णांवर चाचणी झाली. त्यातल्या एका गटाला सुईच्या नळीतून चक्क टूथपिक टेकवली. रुग्ण पालथे झोपलेले, त्यामुळे त्यांना कळण्याचा प्रश्न नव्हता. टूथपिकवाल्यांना सुईवाल्यांइतकाच आराम पडला, आणि दोघांनाही नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त.

एक उणीव मात्र राहतेच. सुई खरी की खोटी, हे टोचणाऱ्याला माहीत असतं. त्याचा चेहरा, त्याचा हात, त्याचं बोलणं यांतून रुग्णाला काहीतरी जाणवू शकतं. गोळीच्या चाचणीत डॉक्टरलाही अंधारात ठेवता येतं, सुईच्या चाचणीत ते फार अवघड आहे. म्हणून खऱ्या सुईचा थोडासा वरचढपणा दिसला, तर त्यातला किती सुईचा आणि किती टोचणाऱ्याच्या आत्मविश्वासाचा, हे सांगणं कठीण होतं.

ॲक्युपंक्चरवाले यावर म्हणतात, "खोटी सुई अगदी निष्क्रिय नसते. कातडीला टेकली तरी मज्जातंतूंना स्पर्श पोचतोच." हे म्हणणं मला पटतं. पण मग ते पुढंही न्यायला हवं. कुठंही टेकवून तेवढाच फायदा होत असेल, तर ३६१ बिंदूंचा नकाशा, त्याची वर्षानुवर्षं केलेली घोकंपट्टी आणि "तुमचा बिंदू चुकला होता" हे पुढच्या शिबिरातलं वाक्य, या सगळ्याचा आधार जातो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

"मोठ्या चाचण्यांत निघालं काय?"

जर्मनीत विमा मंडळांपुढं प्रश्न होता, सुयांचे पैसे द्यायचे की नाही? तो सोडवायला तिथं मोठ्या चाचण्या झाल्या. कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रुग्ण होते. एका गटाला बिंदूंवर खऱ्या सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं, व्यायाम आणि फिजिओथेरपी असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के रुग्णांना चांगला फरक होता. गुडघ्याच्या चाचणीतही तसंच: ५३, ५१ आणि २९.

हे आकडे दोन्ही बाजू आपापल्या परीनं वाचतात. समर्थक २७ आणि ४७ दाखवतात आणि म्हणतात, सुई नेहमीच्या उपचारांपेक्षा जवळजवळ दुप्पट चांगली. टीकाकार ४४ आणि ४७ दाखवतात आणि म्हणतात, सुई कुठं टोचली यानं काही फरक पडत नाही. दोघंही खरे आकडेच सांगत असतात. म्हणून कुणीही अभ्यासाचा दाखला दिला की मी एकच विचारते: कशाच्या तुलनेत? काहीच न करण्याच्या, गोळीच्या, व्यायामाच्या की खोट्या सुईच्या? याचं उत्तर मिळेपर्यंत त्या आकड्याला अर्थ नाही.

माझ्या व्यवसायाची बाजू घेते असं वाटेल, तरी एक नोंद करते. तिसऱ्या गटातल्या लोकांचं दुखणं वर्षानुवर्षांचं होतं आणि तेच उपचार त्यांनी आधी घेतलेले होते. सुई मिळेल या आशेनं नाव दिलं आणि वाट्याला पुन्हा जुनंच आलं, तर माणूस हिरमुसणारच. त्या २७ मध्ये ही निराशाही असणार.

"म्हणजे खऱ्या सुईत काहीच नाही?"

"काहीच नाही" असंही म्हणता येत नाही. न्यूयॉर्कच्या अँड्र्यू विकर्स यांच्या गटानं जगभरातल्या चांगल्या चाचण्यांमधली एकेका रुग्णाची माहिती गोळा केली. २०१२ मध्ये जवळपास १८ हजार रुग्णांची, २०१८ मध्ये २०,८२७ रुग्णांची. त्यांनी त्याचा अर्थ उदाहरणानं सांगितला: वेदना १०० पैकी ६० असेल, तर सुया न घेणाऱ्याची ती ४३ वर येते, खोट्या सुया घेणाऱ्याची ३५ वर आणि खऱ्या सुया घेणाऱ्याची ३० वर.

म्हणजे सुया न घेता उतरली ती १७, उपचाराच्या वातावरणानं आणखी ८ आणि खऱ्या सुईनं वर ५. शेवटचे पाच आकड्यांच्या हिशेबात खरे आहेत. माणसाला ते जाणवतात का, यावर वाद आहे. कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये जुनाट कंबरदुखीचे ३३ अभ्यास एकत्र तपासले. खऱ्या आणि खोट्या सुईतला फरक रुग्णाला महत्त्वाचा वाटावा इतका नाही, असं त्यांना दिसलं. मेलबर्नला पन्नाशीच्या पुढच्या गुडघेदुखीच्या रुग्णांची चाचणी झाली. २०१४ च्या तिच्या निष्कर्षातही खरी सुई खोट्या उपचारापेक्षा सरस ठरली नाही.

उलट बाजूचंही सांगायला हवं. २०२४ मध्ये चीनमधल्या २१६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. गादी सरकून पायात कळ जाणाऱ्या, म्हणजे सायटिकाच्या, रुग्णांची. तिथं खोट्या सुईच्या तुलनेतही खऱ्या सुईनं पायाची कळ बरीच कमी झाली. चाचणी नीट आखलेली होती. असंच दुसऱ्या देशांतही दिसलं, तर मी माझं मत बदलेन.

"अर्धशिशीला सुया घेतल्या तर?"

वेदनेच्या तक्रारींत सुईची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे ती इथंच. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २२ चाचण्या होत्या. सुया घेणाऱ्यांपैकी ५० टक्के लोकांचे झटके निम्म्यावर आले आणि खोट्या सुया घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांचे. फरक लहान, पण आहे. रोजची प्रतिबंधक गोळी सोसत नसेल, तर डॉक्टरांना विचारून करून पाहायला माझी हरकत नाही.

"ऑपरेशननंतरच्या मळमळीला?"

मनगटाच्या आतल्या बाजूला, तळव्यापासून साधारण तीन बोटं वर एक बिंदू आहे. तो दाबला किंवा तिथं सुई लावली, तर भुलीनंतरची मळमळ कमी होते, असं अनेक चाचण्या सांगतात. धोकाही जवळपास नाही.

"माझ्या आईला खरंच फरक पडला. ती काय खोटं बोलती का?"

अजिबात नाही. तिला बरं वाटलं हे खरंच. कशामुळं वाटलं, एवढाच प्रश्न आहे.

जुनं दुखणं चढतं-उतरतं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर, आणि तिथून ते बहुतेक वेळा उतरणारच असतं. आमच्या भागातलं पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला जातात. पहाटेपासून वाकून तोडायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या, रात्री गाडी आली तर रात्री उठायचं. पाडव्याच्या मागंपुढं गावी परत येतात तेव्हा कंबर धरलेली असते. नेमकी उन्हाळ्यात तालुक्याला शिबिरं लागतात. दहा दिवस सुया टोचल्या, कंबर मोकळी झाली. पण त्याच दिवसांत कोयता खाली होता, झोप पुरी होत होती आणि डोक्यावर मोळी नव्हती. श्रेय कुणाला द्यायचं? सुया घेतलेल्या बाईला ते ठरवता येणार नाही, मलाही नाही आणि सुया टोचणाऱ्यालाही नाही. हे वेगळं करायलाच तुलनेचे गट लागतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सुया लावणारा माणूस अर्धा-पाऊण तास जवळ बसतो. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, झोप लागते का, हे विचारतो, हात लावून पाहतो. आपल्या सरकारी ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णामागं किती मिनिटं मिळतात, ते सगळ्यांना माहीत आहे. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी २००८ मध्ये पोटाच्या जुन्या तक्रारीच्या २६२ रुग्णांवर हेच तपासलं. उपचाराविना नुसतं थांबवून ठेवलेल्यांपैकी २८ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. कोरडेपणानं खोट्या सुया लावलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना. आपुलकीनं बोलून, ऐकून घेऊन त्याच खोट्या सुया लावलेल्यांपैकी ६२ टक्के लोकांना. आम्ही दवाखान्यातल्या लोकांनी हा अभ्यास नीट वाचायला हवा.

"मग मनाच्या आधारानं का होईना, बरं वाटतंय ना? बिघडलं कुठं?"

कंबरदुखीत फार बिघडत नाही, पैसे जातात तेवढेच. दम्यात बिघडतं. २०११ मध्ये अमेरिकेत दम्याच्या रुग्णांना आळीपाळीनं खरा पंप, खोटा पंप आणि खोट्या सुया दिल्या, आणि एकदा काहीच दिलं नाही. तिन्ही उपचारांनंतर जवळपास सारखंच बरं वाटलं, असं रुग्ण म्हणाले: पन्नास टक्के, पंचेचाळीस, शेहेचाळीस. पण फुंकर मारायच्या यंत्रावर फुफ्फुसाची ताकद मोजली, तेव्हा खऱ्या पंपानं ती २० टक्के वाढलेली निघाली. खोटा पंप, खोट्या सुया आणि काहीच न देणं, तिन्हीकडं ७ टक्के.

श्वासनळ्या आवळलेल्याच होत्या आणि माणूस सांगत होता, आता मोकळं वाटतंय. जिनिंगच्या धुळीत काम करणाऱ्या दमेकऱ्यानं असा पंप सोडला, तर एखाद्या रात्री दवाखाना गाठणंही अवघड होईल. दुखणं जाणवण्यातलं असेल तर "बरं वाटणं" हाच निकाल. अवयवाचं काम बिघडलेलं असेल तर मोजून पाहावं लागतं.

"शरीरात ऊर्जेच्या वाहिन्या असतात म्हणतेत. ते कुठं दिसलंय का?"

शवविच्छेदनात नाही, सूक्ष्मदर्शकाखाली नाही, स्कॅनमध्ये नाही. १९९८ मध्ये एक अभ्यास गाजला होता. पायाच्या करंगळीजवळच्या, डोळ्यांसाठी सांगितलेल्या बिंदूवर सुई टोचली की मेंदूतला दृष्टीचा भाग जागा होतो, असा त्यात दावा होता. त्याच संशोधकांनी २००६ मध्ये तो निष्कर्ष मागं घेतला. मागं घेतलेली बातमी मात्र कुठल्या शिबिराच्या फलकावर येत नाही.

वाहिन्या नाहीत म्हणून सुईचा शरीरावर परिणामच होत नाही, असं समजू नका. सुई टोचली की मज्जातंतू उत्तेजित होतात. शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, एंडॉर्फिन त्यातलं एक. २०१० मध्ये उंदरांमध्ये सुईच्या जागी ॲडिनोसिन हे द्रव्य वाढून वेदना दबल्याचं दिसलं. हे सगळं मज्जासंस्थेचं साधं शरीरशास्त्र आहे. प्राण्यात दिसलेल्या अशा परिणामावरून माणसाच्या गुडघ्याला किती आराम पडेल, हे सांगता येत नाही. त्यासाठी माणसांवरच्याच चाचण्या पाहाव्या लागतात.

"हजारो वर्षं चीन हेच करतोय. एवढे लोक वेडे का?"

चीनमध्येही हे कधी बिनविरोध नव्हतं. त्यांचा मूळ वैद्यकग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण १८२२ मध्ये तिथल्या सम्राटानंच राजवैद्यक संस्थेतून सुयांचा विभाग बंद केला. १९२९ मध्ये पारंपरिक वैद्यकच बंद करावं, असा ठराव सरकारी बैठकीत आला आणि वैद्यांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. १९५० च्या दशकात माओच्या सरकारनं त्याला पुन्हा उभं केलं. प्रचंड लोकसंख्या आणि थोडे डॉक्टर, ही त्यातली मोठी अडचण होती. आज आपण पाहतो त्या बारीक पोलादी सुया आणि नीटनेटके तक्ते विसाव्या शतकात घडले.

आणि जुनेपणा हा पुरावा धरायचा, तर आपल्याकडं पोटदुखीला लहान लेकरांना डागण्या देतात, तेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते मी कुणालाही करू देणार नाही.

"तिकडं भूल न देता नुसत्या सुयांवर ऑपरेशन करतेत ना?"

ही समजूत १९७१ पासूनची. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, गेले असताना त्यांचं ॲपेंडिक्स काढावं लागलं. त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेल्यावर सगळीकडं सुयांचा बोलबाला झाला. रेस्टन यांनी स्वच्छ लिहिलं होतं की ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनांवर झालं. सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं तेव्हा. सत्तरच्या दशकात चीननं दाखवलेल्या ऑपरेशनांत रुग्ण निवडून घेतलेले असत आणि सुयांच्या जोडीला गुंगीची व जागा बधिर करण्याची औषधंही दिली जात.

"डॉ. कोटणीसांनी हे भारतात आणलं ना?"

नाही. द्वारकानाथ कोटणीस आपल्या शेजारच्या सोलापूरचे. ते १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ते शल्यचिकित्सक होते. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढं, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं. कोटणीसांचा त्याग फार मोठा आहे. सुयांच्या जाहिरातीसाठी त्यांचं नाव वापरणं मला बरं वाटत नाही.

"हे मूळचं आपलंच. सुश्रुतानं मर्मं सांगितली आहेत."

सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं आहेत, हे खरं. पण ती कशासाठी सांगितली आहेत ते वाचा. तिथं इजा झाली तर माणूस मरतो, लुळा पडतो किंवा वेदनेनं बेजार होतो, म्हणून शस्त्र चालवताना त्या जागा सांभाळायच्या. टोचायच्या जागांची ती यादी नाही. आणि एखादा उपचार आपल्या पूर्वजांचा ठरला, तरी लागू पडतो की नाही हे तपासावंच लागतं.

"जागतिक आरोग्य संघटनेनं तर २८ आजारांची यादी दिली आहे."

ती २००३ च्या एका अहवालातली. १९९० च्या दशकाअखेरपर्यंतचे अभ्यास त्यात घेतले होते आणि त्यांतले अनेक अभ्यास आज कुणी स्वीकारणार नाही इतके कच्चे होते. त्यानंतर वर सांगितलेल्या सगळ्या मोठ्या चाचण्या झाल्या. यादी जुनी आहे. तिच्या आधारावर आज उपचार ठरवू नयेत.

"मग परदेशात विमा पैसे कसा देतो?"

कुठं देतो, कुठं नाही. जर्मनीत २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीला देतात, अर्धशिशीला नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात २०२० पासून फक्त जुनाट कंबरदुखीला. त्यामागं अफूवर्गीय गोळ्यांच्या व्यसनातून लोकांना वाचवण्याची घाईही होती. ब्रिटनचं तर पाहण्यासारखं आहे. तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर सुचवलं आणि २०१६ मध्ये "देऊ नका" सांगितलं. २०२१ मध्ये काही जुनाट वेदनांसाठी "विचार करावा" म्हटलं आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेला पुन्हा "देऊ नका". पुरावे एकच, पण तुलना कशाशी धरायची यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

"चिनी अभ्यास सगळे खोटेच असतात का?"

असं सरसकट म्हणू नये. १९९८ च्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेली ॲक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वीच निघाली होती. एकही अपयशी नाही, हे निसर्गात घडत नाही. फसलेले अभ्यास छापलेच जात नव्हते, हा त्याचा सरळ अर्थ. पण २०१७ मध्ये चीनमध्येच पीसीओएसच्या, म्हणजे बीजकोशाच्या एका विकाराच्या, १,००० स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. ॲक्युपंक्चरनं मूल होण्याची शक्यता वाढत नाही, असा निकाल त्यांनी स्वतःच जाहीर केला. असा निकाल छापणाऱ्यांच्या पुढच्या कामावर माझा जास्त विश्वास बसतो.

"मूल होण्यासाठी सुया घ्याव्यात का?"

नको. वरची चिनी चाचणी आहेच. टेस्ट ट्यूब उपचार घेणाऱ्या ८४८ स्त्रियांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. खऱ्या सुया घेणाऱ्यांत १८.३ टक्के स्त्रियांना मूल झालं, खोट्या सुया घेणाऱ्यांत १७.८ टक्के. आधीच दागिने मोडून, जमीन गहाण टाकून उपचार करणाऱ्या जोडप्यांना हा आणखी खर्च सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

"लकव्यावर सुया चालतात का?"

या प्रश्नाचं उत्तर कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर कुठल्याही सुयावाल्याकडं, नस दाबणाऱ्याकडं किंवा लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ असेल ते. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितक्या लवकर तितका मेंदू वाचतो. आधी दुसरीकडं नेऊन संध्याकाळी आणलेला माणूस माझ्याकडं पुढं महिनोन्‌महिने येत राहतो. त्याचा हात पुरता परत येत नाही, आणि सकाळीच रुग्णालयात नेलं असतं तर, हे घरच्यांच्या मनातून जात नाही.

मग "सुयांनी लकवा गेला" असं सांगणारे लोक कुठून येतात? अनेकदा त्यांना चेहऱ्याचा लकवा झालेला असतो, बेल्स पाल्सी. त्यात फक्त चेहऱ्याची नस सुजते. त्यातले दहापैकी सातजण काहीही न करता पूर्ण बरे होतात आणि पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं तर आणखी जास्त. या काळात जो कुणी उपचार करत असेल, त्याचं नाव होतं. लकवा कुठला आहे हे डॉक्टरनंच ठरवायचं.

"शुगर आणि बीपीच्या गोळ्या बंद होतील म्हणाले."

असं म्हणणाऱ्याकडं पुन्हा जाऊ नका.

"सुजोक, हिजामा, ड्राय नीडलिंग, हे सगळं एकच का?"

सुजोक कोरियातून आलेलं, हातापायांच्या तळव्यांवर सगळं शरीर मानणारं. त्याचा पुरावा ॲक्युपंक्चरपेक्षाही तोकडा आहे. हिजामा युनानीतला. निजामाच्या राजवटीमुळं हकिमांची परंपरा मराठवाड्यात खोल आहे. त्यात कातडीला चिरा देऊन रक्त ओढतात, त्यामुळं निर्जंतुकीकरणाचा प्रश्न सुईपेक्षा मोठा. ड्राय नीडलिंग आम्ही फिजिओथेरपिस्ट लोकांचं. सुई तीच, पण ती स्नायूतल्या गाठीत टोचतात आणि वाहिन्यांची भाषा बोलत नाहीत. भाषा आधुनिक असली तरी "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न तिलाही लागू आहे. तिथलाही पुरावा माझे काही सहकारी सांगतात तितका भक्कम नाही.

"सुयांनी काही अपाय होतो का?"

नीट केलं तर क्वचित. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली. ८.६ टक्के लोकांना काहीतरी त्रास झाला, बहुतेक थोडं रक्त किंवा काळंनिळं पडणं. दोघांच्या फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा शिरली. हे प्रशिक्षित डॉक्टरांच्या हातचे आकडे आहेत. मंगल कार्यालयात सतरंजीवर ओळीनं झोपवून टोचणाऱ्यांचे आकडे कुणी ठेवत नाही.

सुई दुसऱ्याला वापरलेली असेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका असतो. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. त्यात लाजायचं काही नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा पेसमेकर असेल, तर आधी सांगा. शुगरमुळं तळपाय बधिर झालेल्यांनी पायात सुया किंवा शेक अजिबात घेऊ नये. जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते.

"सरकारनं मान्यता दिली आहे, म्हणजे सिद्ध झालंच ना?"

केंद्र सरकारनं २००३ मध्ये उपचाराची एक रीत म्हणून परवानगी दिली. महाराष्ट्राचा २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा आहे आणि त्याखाली परिषद व नोंदणीची सोय आहे. कायदा कोण टोचू शकतो ते ठरवतो. कुठल्या आजाराला गुण येतो, ते कायद्यात लिहून ठरत नाही. तरी नोंदणी विचाराच. नोंदणी नसलेल्यापेक्षा असलेला केव्हाही बरा.

"मॅडम, एमआरआयमध्ये मणक्यात गॅप निघालाय. घरचे सुयांना न्यायचं म्हणतेत. जाऊ का?"

आधी एवढं पाहा: लघवी किंवा संडासवरचा ताबा गेलाय का, मांड्यांच्या मधली जागा बधिर झालीय का, पायातली ताकद कमी होतेय का, ताप किंवा वजन घटणं आहे का, आधी कधी कॅन्सर झाला होता का, पडल्यापासून दुखतंय का? यातलं काहीही असेल तर आजच रुग्णालयात जा.

यातलं काही नसेल, तर "गॅप" या शब्दाला फार घाबरू नका. चाळिशी-पन्नाशीच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही तशी झीज भरपूर सापडते. अंथरुणाला खिळून राहू नका, चालत राहा, कंबरेचे आणि पोटाचे व्यायाम शिकून घ्या आणि ते सोडू नका. पैसे आणि हौस असेल तर सुया जोडीला घ्या, पण आधी चार-सहा बैठकांपुरतं ठरवून. सुरुवातीला एक गोष्ट लिहून ठेवा: किती वेळ उभं राहता येतं, पाण्याची घागर उचलता येते का, रात्री किती वेळा जाग येते. बैठका संपल्यावर तीच पुन्हा पाहा. फरक नसेल तर थांबा. वर्षभराच्या पॅकेजचे पैसे आधी भरू नका, चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि सुया सुरू असतानाही व्यायाम एक दिवस चुकवू नका.